लघवीच्या जळजळीवरचे सायट्रेट सिरप : दोन उन्हाळ्यांचा अनुभव

आमच्याकडे विदर्भात मे महिन्यात लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात, आणि सब्जा, धण्याजिऱ्याचे पाणी यांच्या जोडीला औषधाच्या दुकानातून एक आंबटगोड सिरप आणले जाते. त्यातील औषध म्हणजे डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट. ते अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात, त्यामुळे हे परीक्षण कोणा एका कंपनीचे नसून त्या औषधाचे आहे, असे समजावे.

पहिल्यांदा मी ते घेतले तेव्हा दर अर्ध्या तासाने लघवीला जावे लागत होते, जेमतेम चार थेंब होत होते आणि शेवटच्या थेंबाला ओटीपोटातून अशी कळ येत होती की भिंतीला हात टेकून उभे राहावे लागे. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे १० मिलिलिटर सिरप ग्लासभर पाण्यातून दिवसातून तीन वेळा घेतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आग बरीच कमी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. सायट्रेटचे शरीरात बायकार्बोनेट होते, ते लघवीवाटे बाहेर पडते आणि लघवीची आम्लता उतरते. सुजलेल्या मूत्रमार्गाला ती कमी झोंबावी, अशी त्यामागची कल्पना आहे. अर्थात त्या दोन दिवसांत मी पाणीही एरवीच्या दुप्पट पीत होते, त्यामुळे सगळे श्रेय सिरपला देणे योग्य होणार नाही. २०१६ साली वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात स्त्रियांच्या साध्या मूत्रसंसर्गात अशा औषधांचा कितपत उपयोग होतो हे तपासायचे ठरले, तेव्हा निकषांत बसणारा एकही अभ्यास हाती लागला नव्हता. इतक्या सर्रास खपणाऱ्या औषधाच्या बाबतीत ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

चौथ्या रात्री मला हुडहुडी भरून ताप आला आणि उजवी कूस ठणकू लागली. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय जंतू निघाले, मिलिलिटरमागे एक लाखाहून अधिक. संसर्ग मूत्राशयातून मूत्रपिंडापर्यंत चढला होता आणि पुढचे काही दिवस शिरेतून अँटिबायोटिक घ्यावे लागले. या सिरपने जंतू मरत नाहीत. तसा दावा बाटलीवर कोठेही नव्हता, तेव्हा औषधाने मला फसवले असे म्हणता येणार नाही. मात्र आग कमी झाली म्हणजे आजार बरा झाला, अशी माझी समजूत झाली आणि तपासणीचे तीन दिवस हातचे गेले. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा असतो, जंतूंना मूत्राशय गाठायला वेळ लागत नाही, आणि ‘उन्हाळी’ या शब्दामुळे सारा दोष उन्हाला देऊन आपण मोकळे होतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्रास सुरू होताच मी आधी लघवी तपासायला दिली : पहिली धार सोडून मधल्या धारेची, निर्जंतुक डबीत, दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचेल अशी. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवसांसाठी दिले. सोबत सिरप घेऊ का, असे विचारल्यावर त्यांनी स्पष्ट नको म्हटले, कारण हे अँटिबायोटिक आम्लधर्मी लघवीत अधिक चांगले काम करते आणि सिरप नेमकी तीच आम्लता घालवते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे दुसरे अँटिबायोटिक चालू असतानाही लघवी अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) करू नये, कारण त्या औषधाचे स्फटिक बनण्याची शक्यता वाढते, हेही त्यांनीच सांगितले. सिरपचा एक थेंबही न घेता त्या खेपेला माझी जळजळ दुसऱ्याच दिवशी ओसरली.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मिठाबद्दल, म्हणजे मिठात असते त्या सोडियमबद्दल आहे. माझ्या बाटलीवर ५ मिलिलिटरमागे १.३७ ग्रॅम औषध असे छापले होते, परंतु त्यात सोडियम किती हे कोठेही नव्हते. मी हिशेब केला तेव्हा दिवसाच्या ३० मिलिलिटरमधून सुमारे दीड ग्रॅम सोडियम पोटात जाते असे दिसले. प्रौढांनी दिवसभरात सर्व अन्न मिळून २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या आईला रक्तदाब आहे, भाजीतले मीठसुद्धा आम्ही मोजून घालतो, आणि हीच बाटली तिला शेजारच्या काकूंनी आपुलकीने आणून दिली होती. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा पायांवर सूज असलेल्या माणसाने हे सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेह असल्यास ते साखरविरहित आहे ना, हेही पाहावे लागते.

लघवी अल्कधर्मी करण्याचा खरा उपयोग युरिक ॲसिडच्या मूतखड्यात होतो, कारण तो खडा अशा लघवीत विरघळू शकतो; मात्र तेथेही बहुधा पोटॅशियम सायट्रेट दिले जाते आणि लघवीची आम्लता मोजत मोजत मात्रा ठरवली जाते. वयस्क पुरुषाची लघवी प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे तुंबली असेल, तर या बाटलीचा काडीचाही उपयोग नाही, तेव्हा थेट रुग्णालय गाठावे. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि लघवीतून रक्त जाणारे रुग्ण यांनीही दुकानातून परस्पर काही आणू नये.

तेव्हा मी हे सिरप विकत घ्यावे असे सुचवीन का? लघवीचा नमुना देऊन झालेला आहे, ताप नाही, रक्तदाब नाही आणि डॉक्टरांनी हरकत घेतलेली नाही, अशा व्यक्तीने एकदोन दिवस आराम पडावा म्हणून ते घ्यायला माझी ना नाही, त्यापलीकडे नाही. उत्पादकांनी प्रत्येक मात्रेतील सोडियमचे प्रमाण आणि ‘ताप, थंडी किंवा कुशीत दुखणे सुरू झाल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे’ हे एक वाक्य बाटलीवर वाचता येईल अशा अक्षरात, मराठीत छापावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.