चंदेरी पातळ की काळा जाडसर?

तुमचं काम हिशेबाचं आणि टायपिंगचं आहे, बजेट ठरलंय, पण मन दोन रूपांत अडकलंय: अॅल्युमिनियमचा चंदेरी, पातळ लॅपटॉप घ्यावा, की काळा, मॅट, थोडा जाडसर? दोन्ही मी रोजच्या कामाला वापरलेत. प्रोसेसर आणि रॅमचं दुकानदार सांगेलच. मी दिसण्याबद्दल आणि हाताला कसा लागतो त्याबद्दल बोलतो.

२००८ मध्ये अॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी मॅकबुक एअर हा लॅपटॉप कागदी पाकिटातून काढून दाखवला आणि त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी पातळपणाचा ध्यास घेतला. त्यापायी डीव्हीडी ड्राइव्ह गेला, इंटरनेटच्या वायरची (लॅनची) खाच गेली, घरच्या घरी बदलता येणारी बॅटरीही गेली. २०१५ च्या बारा इंची मॅकबुकला तर चार्जिंगसकट सगळ्याला मिळून एकच यूएसबी-सी पोर्ट होता. २०२१ मध्ये मॅकबुक प्रोवर एचडीएमआय आणि एसडी कार्डाची खाच परत आली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

काळ्याचं घराणं त्याहून जुनं, १९९२ च्या आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपपासूनचं. त्याचे डिझायनर रिचर्ड सॅपर यांच्या डोळ्यांसमोर जपानी बेंतो, म्हणजे जेवणाचा डबा होता: बंद असताना साधा काळा चौकोन, उघडल्यावर आत सगळं नीट मांडलेलं, कीबोर्डमध्ये एक लाल ठिपका. तीस वर्षं उलटून गेली, तरी तो लांबूनही ओळखू येतो. चंदेरींमध्ये मागचा लोगो झाकला तर कुठला कोणाचा, हे मला तरी सांगता येत नाही.

तरीही पहिल्या नजरेत चंदेरीच सरस, हे मान्य. पिशवीत त्याचं वजनही जाणवत नाही.

माझा निर्णय झाला तो पुढच्या कडेवरून. माझ्या चंदेरीची ती कड सरळ कापल्यासारखी होती. मी काम करतो त्या सोलापूर एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांच्या ऑफिसांत टेबलं उंच, खुर्च्या बसक्या. मनगटं नेमकी त्या कडेवर टेकायची. वीस तारखेच्या आत जीएसटीची रिटर्न्स भरायची म्हणून तासन्‌तास बसलं, की दोन्ही मनगटांवर लाल रेघ उमटायची. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे! घामाने ती रेघ चुरचुरायची. शिवाय त्याला पंखा नव्हता, आतली उष्णता धातूच्या अंगातूनच बाहेर पडायची. दुपारी हात ठेवायची जागासुद्धा कोमट लागायची. काळ्याची कड उतरती आहे आणि वरचं आवरण लवकर तापत नाही. त्यावर बसल्यापासून मनगटांकडे लक्षच जात नाही.

एका बाबतीत मात्र चंदेरीची बाजू घ्यायलाच हवी. तुमचं बसणं थेट यंत्रमागांच्या शेडमध्ये असेल, तर सुताचे बारीक तंतू पंख्याच्या जाळीत जाऊन बसतात. माझा काळा त्यासाठी अधूनमधून उघडून साफ करून घ्यावा लागतो. बिनपंख्याच्या चंदेरीला ती कटकट नाही.

मला जे खुपलं ते तुम्हाला खुपेलच असं नाही. हाताची ठेवण वेगळी, टेबलं वेगळी. घरी एसीत, स्वतःच्या टेबलावर काम असेल तर खुशाल चंदेरी घ्या. पण दिवसभर दुसऱ्यांच्या ऑफिसांत बसून टायपिंग करणार असाल, तर माझं मत काळ्यालाच. नवी पेठेतल्या दुकानात गेलात की घड्याळ काढून ठेवा, मनगटं कडेवर टेकवा आणि एखादं पानभर पत्र सलग टाइप करून बघा.