ऑटोमॅटिकचा गिअर लिव्हर ढिला: नुसता बुश की अख्खी केबल?

जुन्या ऑटोमॅटिकचा लिव्हर खुळखुळायला लागला की एक मेकॅनिक सांगतो बुश (जोडावरची छोटी रिंग) टाका, दुसरा म्हणतो लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबलच बदला. प्ले, म्हणजे ढिलेपणा, नेमका कुठे आलाय हे बघितल्याशिवाय दोघांपैकी कुणाचंच ऐकू नका. (हे सगळं केबलवर चालणाऱ्या जुन्या ऑटोमॅटिकबद्दल. बहुतेक एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप चालवणाऱ्या, गाड्यांत लिव्हर नुसता सिग्नल देतो, त्यांचं दुखणं वेगळं.)

गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. लिव्हर आणि गिअरबॉक्समधलं कनेक्शनच संशयात आहे, तेव्हा 'पी'च्या (पार्किंगच्या) भरवशावर राहू नका. इंजिन बंद, चावी ऑन. एकाने ब्रेक दाबून लिव्हर पुढे-मागे करायचा, दुसऱ्याने गिअरबॉक्सवरच्या आर्मकडे, म्हणजे केबल ज्याला जोडलेली असते त्या दांड्याकडे, बघायचं. लिव्हर सरकतो पण आर्म उशिरा हलतो, तर केबलच्या टोकाचा बुश गेलाय. आर्म बरोबर हलतो आणि लिव्हर फक्त आडवा डुगडुगतो, तर दोष आत कन्सोलमध्ये, म्हणजे दोन सीटमधल्या लिव्हरच्या खोक्यात: तिथले स्क्रू किंवा पिव्होटचा (लिव्हर ज्यावर फिरतो त्या खिळीचा) बुश. ते काम किरकोळ.

केबलच्या टोकाचा बुश म्हणजे आर्मच्या पिनवर बसणारी रबराची किंवा प्लास्टिकची रिंग. इंजिनच्या उष्णतेने ती कडक होते आणि काढताना बोटांत भुगा येतो. पूर्ण तुटली तर लिव्हर मोकळा फिरतो, गाडी मात्र तेव्हा ज्या गिअरमध्ये होती त्यातच अडकते. काही मॉडेलना कंपनी बुश सुटा देत नाही, अख्खी केबलच घ्या म्हणते. तिथे बाहेरचा बुश मापाचा मिळाला तर खुशाल लावा. केबल टायने (प्लास्टिकच्या पट्टीने) बांधणं फक्त घरापर्यंत पोचायला.

लिव्हर ढिला आणि जडही लागत असेल तर मात्र बुशवर पैसे घालू नका. आपल्या गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत केबलचं वरचं आवरण तडकलं की चार महिन्यांच्या पावसात आतली तार गंजते, आणि अडकणारी केबल नवा बुशही तोडते. केबल बदलताना कन्सोल उघडावा लागतो, म्हणून मजुरी जास्त. केबल जिथून केबिनमध्ये शिरते तिथला रबरी ग्रोमेट (भोक बंद करणारी रिंग) नीट बसवून घ्या, नाहीतर जूनमध्ये पायाखालची मॅट ओली. भंगारातली केबल मी तरी घेणार नाही: तीही तेवढीच जुनी, मजुरी मात्र नव्याचीच.

काहीही बदललं तरी ॲडजस्टमेंट करून घ्या. गाडी फक्त 'पी' आणि 'एन'मध्ये (न्यूट्रलमध्ये) स्टार्ट व्हावी, मागचा पांढरा दिवा फक्त 'आर'मध्ये (रिव्हर्समध्ये) लागावा. मग पणजीतल्या आल्तिन्योसारख्या उतारावर, ब्रेकवर पाय तयार ठेवून, 'पी' धरतो का बघा. तोवर गाडी फेरीबोटीवर चढवू नका.