फेनेलोंच्या कथांची चित्रपेटी: पेटी घ्या, पुस्तिका राहू द्या

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या शालेय साहित्याच्या एका दुकानात सतराव्या शतकातला फ्रेंच लेखक फेनेलों याच्या बालकथांची मराठी चित्रपेटी मिळते. आठवड्याचं भाडं १५० रुपये, अनामत १०००; विकत घ्यायची तर २४००. आत एक लाकडी चौकट, तीन कथांचे तीन संच, प्रत्येक संचात १२ पत्ते आणि वर प्रश्नांची एक पुस्तिका. चित्रांचे पत्ते चौकटीत लावायचे आणि एकेक ओढत गोष्ट वाचून दाखवायची. चौकट चांगली, चित्रं त्याहून चांगली. पुस्तिकेबद्दल पुढे.

फ्रेंच कवी ला फॉन्तेनचा कावळा-कोल्हा सगळ्यांना माहीत असतो, फेनेलों फारसा कुणी वाचत नाही. १६८९ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं आपल्या सात वर्षांच्या नातवाचा, बर्गंडीच्या ड्यूकचा, शिक्षक म्हणून फेनेलोंला नेमलं. मुलगा हुशार, पण महातापट. त्याला रागवून उपयोग नव्हता, म्हणून फेनेलोंनं गद्यात छोट्या छोट्या कथा लिहिल्या. राजपुत्राला त्यांत स्वतःचा चेहरा दिसावा, पण नाव मात्र कुठं येऊ नये. कवळाणे गावाहून आणलेल्या बारा वर्षांच्या मुलाला शिकवून सयाजीराव घडवले गेले, त्या शहरात राजाचा मास्तर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

संचांत सर्वांत सरस ‘मधमाशी आणि माशी’. पोळ्याजवळ आलेल्या माशीवर मधमाशी फणकारते, आमचे कायदे, आमची शिस्त, आमचा मध, असं ऐकवत राहते. माशी शांतपणे म्हणते, आम्ही जमेल तसं जगतो; गरिबी हा दुर्गुण नाही, राग मात्र मोठा दुर्गुण आहे. तुमचा मध गोड, पण मन कायम कडू. चित्रकारानं इथं मधमाशीला अख्खा पत्ता दिलाय आणि माशी कोपऱ्यात हरभऱ्याएवढी. शेवटच्या पत्त्यावर दोघी सारख्या मापाच्या. यावर एक अक्षरही लिहिलेलं नाही, आणि तेच बरं.

दुसरा संच ‘सुखाच्या बेटाची सफर’. इथं अनुवादकाला दाद द्यायला हवी. मूळ कथेतलं बेट साखरेचं आहे. मराठीत मुरांब्याचे डोंगर, खडीसाखरेचे खडक आणि पाकाच्या नद्या झाल्यात. एकही शब्द ओढून आणलेला वाटत नाही. तिथले खवय्ये लोक रस्ते चाटतात आणि नदीत बोटं बुडवून चोखतात, तो पत्ता येताना त्याच्या आधीचा पत्ता निम्माच ओढून थांबा: आधी नुसत्या जिभा दिसतात, रस्ता मागून येतो.

तिसरा संच छोट्या बॅकसचा, म्हणजे रोमन पुराणातल्या मद्यदेवाचा; देवांचा राजा ज्युपिटर त्याचा बाप. म्हातारा गुरू सायलेनस त्याला शिकवतोय, चुकलं की झाडाआडचा फॉन, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बोकड असा वनदेव, हसतो. बॅकस चिडून विचारतो, ज्युपिटरच्या मुलाला हसायची तुझी हिंमत कशी झाली? फॉन उलट विचारतो, ज्युपिटरच्या मुलाची चुकायची हिंमत कशी झाली? कथा फक्कड, पण बारा पत्ते तिला जास्त होतात. मधले चार पत्ते नुसती झाडं. ते बाजूला काढले तर पाठीमागचा मजकूर सरकतो, म्हणून तो आधी कागदावर उतरवून घ्या.

याचं कारण पेटीच्या रचनेत आहे. पद्धत जपानी कामिशिबाईची: समोरचा पत्ता ओढून सगळ्यांत मागे सरकवायचा. म्हणून पहिल्या चित्राचा मजकूर बाराव्या पत्त्याच्या पाठीवर, दुसऱ्याचा पहिल्याच्या, असा. एक जरी पत्ता उलटसुलट लागला तर पुढं चित्र माशीचं आणि तोंडात वाक्य मधमाशीचं. आकडे पाठीवर बारीक छापलेत. पेन्सिलीनं वरच्या कोपऱ्यात ठळक करून घ्यावेत.

पत्ते ए-३ मापाचे, जाड, पण वर चकचकीत लॅमिनेशन. समोर ट्यूबलाइट असली की अर्ध्या मुलांना चित्राऐवजी पांढरा पट्टा दिसतो. चौकट जराशी पुढं कलती ठेवली, खाली वहीभर उंची दिली, की चमक जाते. मुलं जमिनीवर, चौकट त्यांच्या नजरेच्या उंचीवर, वीसच्या वर नकोत. पावसाळ्यात चौकटीची खाच फुगते आणि पत्ता अडकतो. मग जोरानं ओढताना कडा फाटतात. खाचेत कोरडं मेण चोळलं की पत्ता सरकतो. तेल लावू नये, कडांना डाग पडतात.

आता ती पुस्तिका. प्रत्येक कथेखाली पाच प्रश्न, शिवाय ‘तात्पर्य पाच ओळींत लिहा’. मुलींच्या शिक्षणावरच्या १६८७ च्या ग्रंथात फेनेलोंनं सांगितलंय की गोष्ट छोटी आणि छान असावी, ती रचलेली आहे हे मुलांना माहीत असावं, पात्रांना जिवंत आवाजात बोलू द्यावं. गोष्टीचा रोख दाखवावा, असंही तो म्हणतो. पण मुलांनी ती पुन्हा सांगायची तर आपल्या हौसेनं, सक्तीनं नव्हे. त्याच्याच कथेखाली परीक्षा लावणं म्हणजे देवळात हजेरीपट. गोष्ट संपली की मुलं आपणहून ‘माशी पुढं कुठं गेली?’ विचारतात, तिथं वही काढली की तोंडं मिटतात.

एक भाषेची अडचण. इथल्या पुष्कळ मुलांची मराठी घरात बोलण्यापुरती, वाचन गुजराती किंवा इंग्रजी. पाठीवरचा मजकूर मोठ्यांनी वाचायचा म्हणून चालून जातं, पण ‘औद्धत्य’सारखे शब्द ‘उर्मटपणा’ करून वाचा.

भाड्यानं नेताना दुकानातच तीन संचांचे ३६ पत्ते मोजा आणि फाटलेल्या कडा पावतीवर लिहून घ्या. अनामतीतून पत्त्यामागे ६० रुपये कापतात, आणि बॅकसच्या संचाचा सातवा पत्ता बहुतेक पेट्यांत आधीच दुमडलेला असतो.