जुन्या घरांच्या सामानातून उभं केलेलं वाचनालय : एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगते, तपशील मागाहून. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात पडक्या घरांचं सामान वापरून बांधलेलं सार्वजनिक वाचनालय गेल्या मे महिन्यापासून रोज वापरात आहे. किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे त्याचं सुखदुःख आधी मला कळतं. असंच पुन्हा बांधाल का, असं आजूबाजूच्या गावांतले लोक विचारतात. भिंतीचे जांभ्याचे चिरे आणि छपराचं लाकूड, डोळे झाकून हो. कौलं, हो, पण एका पाख्याला, म्हणजे छपराच्या एका उताराला, एकाच कारखान्याच्या छापाची. जुन्या खिडक्या मात्र सगळ्याच्या सगळ्या नकोत. आणि दर मे महिन्यात छपरावर चढणारी माणसं गावात नसतील, तर या भानगडीत पडूच नका.

सामान आलं कुठून? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा आमच्याकडच्याही छपरांची वाट लागली. कौलं मिळेनात, तर बऱ्याच जणांनी पत्रे घातले आणि शाबूत राहिलेली कौलं परसात रचून ठेवली. ज्यांची माणसं मुंबईत, त्यांच्या बंद घरांकडे बघायला कोणी नव्हतं. कौल सरकलं की वासे कुजतात, आढं बसलं की भिंत पाणी पिते, आणि तीन-चार पावसाळ्यांत घर जमिनीला मिळतं. चिऱ्यांचे ढीग पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, लोटले जात होते. खांब आणि दरवाजे मात्र पडून राहत नव्हते. टेम्पो घेऊन फिरणारे व्यापारी घर उकतं घेतात, आणि आजीच्या ओटीवरचा खांब रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उभा राहतो. आम्हाला लाकूड मिळालं ते त्यांच्याआधी पोचलो म्हणून.

मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळातल्या काहींना कल्पना पटली नव्हती. "नवीन वास्तूला पडक्या घराची लाकडं लावायची? लोक काय म्हणतील?" इथवर बोलणं गेलं. सभा मंदिरात झाली, तीही एकदा होऊन भागलं नाही. खरा अडसर शुभ-अशुभाचा नव्हताच, भाऊबंदकीचा होता. घर पाच जणांच्या नावावर, सामान द्यायला तयार एक जण, आणि वसईला राहणारा चुलत भाऊ म्हणतो मला विचारलं कोणी? शेवटी साध्या कागदावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घेतल्याशिवाय एक वासाही उचलायचा नाही, असं ठरलं. यात वेळ गेला, पण नंतर एकही भांडण वाचनालयाच्या दारात आलं नाही. सागवान एका गावातून दुसऱ्या गावात हलवायचं तर वन खात्याच्या वाहतूक परवान्याचंही आधीच विचारून ठेवावं.

सरकारी निधीचं सांगायचं तर, आमच्या अंदाजपत्रकात जुनं सामान उतरवून रचून ठेवण्याला दर होता, पण तेच सामान पुन्हा चढवायला ओळ सापडेना. त्यामुळे निधी पाया, काँक्रीटचे पट्टे आणि वीजजोडणी यांवर गेला, आणि बाकीचं वर्गणी आणि श्रमदानातून झालं.

आता भिंती. जुनं सामान वापरायचं की नाही, याचं उत्तर त्या सामानाला धरून ठेवणाऱ्या मालात असतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मातीत बांधलेली भिंत पहारीने नुसती हलवली तरी चिरे अख्खे सुटतात. ब्रशने झाडले की झाले तयार. मधल्या काळात कोणी सिमेंटने दरजा भरल्या असतील, तर चिरा फुटतो आणि सिमेंट तसंच राहतं. अशा भिंतींतले निम्मेही चिरे हाती लागले नाहीत. त्यांचे तुकडे जोत्यात भरले. म्हणून आमच्या भिंतीला वास्तुविशारद बाईंनी १:२:९ चा माल सांगितला, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग वाळू. हा माल चिऱ्यापेक्षा मऊ राहतो. उद्या ही इमारत उतरवायची वेळ आली तर चिरे पुन्हा मोकळे होतील. गवंड्याने आधी नाक मुरडलं. चुन्याचा माल आवळायला वेळ लागतो आणि जुने हाताने काढलेले चिरे एका मापाचे नसतात, कुठे थर चढतो, कुठे उतरतो. त्याने पहिल्या दोन थरांतच सगळे चिरे उंचीप्रमाणे वेगळे लावून घेतले, आणि मग काम सरळ झालं.

एका बाबतीत बाई अजिबात ऐकेनात. जोत्यावर, चौकटींच्या डोक्यावर आणि भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा हवाच. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, त्या भिंतींना एकत्र बांधून ठेवणारं काही नव्हतं. कोयनेचा १९६७ चा धक्का आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. पट्ट्यांचं लोखंड नवं कोरं आणलं. भंगारातल्या सळ्या सरळ करून वापरू, असं सुचवणारे होते, त्यांना गप्प बसवलं.

लाकडाबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचंय. तुळया साग आणि ऐनाच्या, वासे किंजळाचे, दोन खांब फणसाचे. बाहेरून सगळंच दणकट दिसतं. दोष असतो तो भिंतीत गेलेल्या टोकांना, कारण ओल तिथे बसते आणि वाळवी तिथूनच शिरते. आमचे सुतारमामा तुळईच्या टोकाला गिरमिटाने भोक पाडून भुसा तळहातावर घ्यायचे. कोरडा, सोनेरी भुसा निघाला तर टोक ठेवायचं. काळपट, ओलसर निघाला की तिथून हातभर कापायचं. असं कापत गेल्यावर आराखड्यात वीस फूट असलेली खोलीची रुंदी सोळा फुटांवर आली. बाईंना नकाशा पुन्हा काढावा लागला. "तुळई सांगेल तेवढीच खोली, वहिनी," मामा म्हणाले, आणि लांबी वाढवून जागा भरून काढली. आज ती लांबट खोली वाचनालयाला जास्त सोयीची पडते, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांचा उजेड मधल्या टेबलापर्यंत पोचतो.

खिळे काढणं हे वेगळंच काम आहे. सॉमिलवाल्याने जुनं लाकूड कापायला सरळ नकार दिला, एक खिळा राहिला तर पातं जातं. त्याचंही खरं आहे. मग हाताने खिळे उपटणं, लोहचुंबक फिरवून राहिलेले शोधणं, आणि हातकरवतीने कापणं. सर्वांत जुन्या घराचे सांधे खाच पाडून, वर लाकडी खुंटी ठोकून केलेले होते. ते घर दोन दिवसांत उतरलं, खिळ्यांनी जोडलेल्या नंतरच्या घराला आठवडा लागला. त्याच्या निम्म्या रिपाही, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्याही, धड निघाल्या नाहीत. रिपा शेवटी नव्या घेतल्या.

एक गोष्ट फारसं कोणी बोलत नाही, ती म्हणजे जुना ऑइलपेंट. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या निळ्या-हिरव्या दरवाज्यांवरच्या थरांत किती शिसं आहे, कोण सांगणार? मुलं बसणार त्या खोलीत ती धूळ नको होती. म्हणून रंग कोरडा घासला नाही. पाणी मारून, ओला ठेवून पत्रीने खरवडला, मास्क लावले, आणि खरवड गोणीत भरली. तसेच ॲस्बेस्टॉसचे जुने सिमेंट पत्रे फुकटात देऊ करणारे होते. ते घेतले नाहीत. फुटताना त्याची जी धूळ उडते ती फुप्फुसात राहते, फुकट असलं तरी महागच.

कौलांकडे येते. मंगलोरी कौल बनवायला बासेल मिशनने १८६० च्या दशकात मंगळूरला सुरुवात केली, आणि पहिल्या महायुद्धानंतर त्यांचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. आमच्या ढिगात कौलं उलटून बघितली की दोन्ही नावं सापडत होती, शिवाय नंतरच्या कितीतरी कारखान्यांचे छाप. वरून सगळी सारखीच लाल. पण प्रत्येक कारखान्याची खाच आणि कड किंचित वेगळी, आणि एका छापाचं कौल दुसऱ्यात नीट बसत नाही. शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे कौलं लागतात, तेव्हा कारखान्यांप्रमाणे ढीग लावायला शाळेतली मुलं रविवारभर बसली होती. प्रत्येक कौलाला टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. समोरचा पाखा एका छापाचा भरला. मागच्या पाख्याला एकाची कौलं संपली आणि दुसऱ्याची सुरू केली.

पावसाळ्यात गळलं ते बरोबर त्या जोडावर, दुसरीकडे कुठेच नाही. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि जुलैत वारा आडवा मारतो तेव्हा पाणी त्या फटीतून वर चढायचं. खाली प्लास्टिकचा कागद सरकवून पावसाळा काढला. या मे महिन्यात तो पट्टा उतरवून मागचा पाखाही एका छापाचा करणार आहोत.

वानरांचं काय, हा प्रश्न कोकणाबाहेरचा वाचक विचारणार नाही, इथला पहिला विचारतो. टोळी छपरावरून गेली की पाच-सहा कौलं गेलीच. यावर उपाय म्हणजे शिलकीतली कौलं. मागच्या पडवीत शंभरेक कौलं रचलेली असतात आणि शिडी भिंतीला टेकलेली. दोन तरुण पोरं पंधरा मिनिटांत फुटकी बदलतात. गावातल्या एकाने पत्रा सुचवला होता. पण पत्र्यावर पाऊस पडायला लागला की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. इथे जुलैतल्या मुसळधार पावसात दहावीची मुलं मोठ्याने पाठ करत बसली होती, आणि मला त्यांना हळू बोला म्हणावं लागलं.

ओल हा इथल्या कुठल्याही वाचनालयाचा शाप. जांभा पाणी पितो, हे सगळ्यांना माहीत आहे, तरी पश्चिमेच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नये, हे ऑगस्टमध्ये कळलं. खालच्या कप्प्यातल्या दिवाळी अंकांच्या कडांना बुरशी आली. कपाटं वीतभर पुढे ओढली, आणि बाहेरून नारळाची विणलेली झापं बांधली, आमच्या घरांना पूर्वी बांधायचे तशी. गणपतीपर्यंत भिंत आतून कोरडी वाटायला लागली. पुढच्या पावसाळ्यात झापं जूनच्या आधीच चढतील. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी जात नाही, फक्त नाक जातं.

खिडक्या सात, सात घरांच्या, सात मापांच्या. दिसायला झकास, फोटो काढायला लोक येतात. पण त्या बिनकाचेच्या, लाकडी फळ्यांच्या. पावसाची सर आली की बंद करायच्या, आणि बंद केल्या की खोलीत अंधार. दुपारी तीनला दिवे लावून वाचायचं, आणि वीज गेली असेल तर गप्पा मारायच्या. फळ्या पावसात फुगतात ते वेगळंच. रंधा मारून सैल केल्या, तर थंडीत फटी पडल्या. छपरात चार काचेची कौलं बसवली, त्याने बरंच भागलं. दोन खिडक्यांना आता आतून काचेची नवी झडप लावतोय. नवी मुंबईत एका घराच्या दर्शनी भागाला जुन्या दारं-खिडक्यांची अख्खी भिंत केली आहे. त्या घराला आमच्याइतका वापर सोसावा लागत असेल, असं वाटत नाही. दाराचा उंबराही जुना, उंच. गुडघे दुखणाऱ्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात तक्रार केली. मागच्या दाराला उतरती वाट केली आणि आता निम्मं गाव तिथूनच येतं.

शहाबादी फरशी जुनी आहे, कडा टवके उडालेल्या, बाकी तक्रार नाही.

उन्हाळ्याचं मी वेगळं कौतुक करणार नाही, कौलारू घर थंड असतं हे इथे कोणाला सांगायचं? एवढंच की स्लॅबखालच्या सभागृहात दुपारी कोणी टिकत नाही, म्हणून बचत गटाची बैठक एप्रिलपासून इकडे हलली आहे.

खर्चाचा हिशेब लोक सर्वांत आधी विचारतात. सामान जवळपास फुकटात पडलं, पण उतरवणं, निवडणं, साफ करणं, वाहून आणणं यात मजुरी दुपटीने वाढली. सगळं मिळून नव्या बांधकामाच्या अंदाजापेक्षा साधारण पाचवा हिस्सा वाचला. निम्म्यात होतं असं कोणी सांगत असेल तर त्याने श्रमदान हिशेबात धरलेलं नाही. मात्र आमचे पैसे सिमेंट-सळईच्या दुकानात न जाता बरेचसे गावातल्याच सुतार-गवंड्यांच्या आणि मजूर बायकांच्या हातात राहिले. हे ऐकून शहरातले पाहुणे खूश होतात. गावकऱ्यांना ते सांगायची गरज पडत नाही, कोणाला किती मिळाले हे सगळ्यांना पाठ आहे.

गावाने गावासाठी बांधलं म्हणजे नेमकं काय, हे मला शाकारणीच्या, म्हणजे दर मे महिन्यात छपरावर चढून कौलं नीट करण्याच्या कामाच्या, यादीत दिसतं. कंत्राटदाराने बांधलेल्या इमारतीत बल्ब गेला तरी ग्रामपंचायतीत अर्ज जातो. इथे कोणती तुळई कोणाच्या घरची, हे पोरांनाही माहीत आहे, त्यामुळे वाळवीचा माग दिसला की निरोप थेट माझ्या घरी येतो. याचा त्रासही आहे. ज्यांचा दरवाजा मागच्या बाजूला बसला, ते अजून विचारतात, पुढे का नाही लावलात? आणि एका काकांना त्यांच्या खांबाला वॉर्निश आवडलेलं नाही.

यंदाची शाकारणी अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी आहे. मागच्या पाख्यासाठी कॉमनवेल्थ छापाची तीनशे-साडेतीनशे कौलं कमी पडतायत. हर्णै, आंजर्ले, केळशीकडे कोणाच्या परसात असतील तर उलटून छाप बघा आणि कळवा. गाडी आमची, भरायला माणसं आमची, आणि हिस्सेदारांच्या सह्यांचा कागद आधी लागेल.