पूरग्रस्तांसाठी विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत : एक अभिप्राय

जुलै २०२१ च्या पुरात कोकणातील आमच्या शेजारच्या किराणा दुकानदाराचा माल, वह्या आणि घरातील बहुतेक कागदपत्रे गेली. साठ्याची नोंदवही नाही, या कारणावरून विमा कंपनीने दाव्याची रक्कम निम्म्याहून कमी केली, तेव्हा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात त्यांच्यासोबत मी गेलो होतो.

खिडकीवर प्रथम मागण्यात आला तो उत्पन्नाचा दाखला. वास्तविक १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये पूर, दुष्काळ, भूकंप किंवा औद्योगिक आपत्तीत सापडलेल्यांचा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रातील वार्षिक तीन लाखांची मर्यादा केवळ उत्पन्नाच्या निकषावर मदत मागणाऱ्यांसाठी आहे. कलम दाखवल्यावर अर्ज स्वीकारला गेला. ज्याला ते ठाऊक नाही, तो मात्र तहसील कार्यालयाचे उंबरे झिजवत बसला असता.

येथून पुढचे काम उत्तम झाले, आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवक (कायदेशीर कामात लोकांना साहाय्य करणाऱ्या) बाईंना द्यावे लागेल. गेलेल्या कागदांची यादी करून त्यांनी दुय्यम प्रतींचे अर्ज लिहून दिले; तलाठ्याच्या पंचनाम्यात घरमालकाचेच नाव आले होते, तिथे भाडेकरूच्या नुकसानीची नोंद व्हावी म्हणून तहसीलदारांकडे अर्ज करविला; आणि घाऊक व्यापाऱ्यांकडील बिलांच्या प्रती व बँकेचे खातेउतारे जुळवून पुरापूर्वी दुकानात किती माल असावा, याचा हिशेब उभा केला. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१० च्या आपत्तिग्रस्तांसाठीच्या योजनेत हरवलेली कागदपत्रे, विमा दावे आणि धंदा पुन्हा उभारण्यासाठीचे कर्ज यांबाबतचे साहाय्य समाविष्टच आहे.

नेमून दिलेले वकील जाणकार होते, पण फोनवर क्वचितच सापडत. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या वकिलाकडून किती अपेक्षा करावी, हा प्रश्न आहेच. तरीही वकील बदलून मिळावा असा लेखी अर्ज करता येतो, हे कार्यालयाने आपणहून सांगायला हवे.

प्रकरण दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल करण्याआधीच, तडजोडीसाठी लोकअदालतीत ठेवले गेले आणि कंपनीने रक्कम समाधानकारक वाढवली. शुल्क, वकिलाची फी, काहीच लागले नाही. सही करण्यापूर्वी वकिलांनी एक गोष्ट नीट समजावली, ती महत्त्वाची आहे : लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तडजोड पटत नसल्यास नकार देऊन ग्राहक आयोगाकडे जाता येते, मात्र तेथील दोन वर्षांची मुदत दरम्यान चालूच असते.

माझी मुख्य तक्रार प्रसिद्धीची आहे. निवारा केंद्रात जेवण, औषधे, कपडे सर्व पोहोचले. या सेवेचा साधा फलकही तेथे नव्हता. १५१०० हा मदतवाहिनीचा क्रमांक आम्हाला कार्यालयाच्या भिंतीवर, म्हणजे तेथे पोहोचल्यानंतर, वाचायला मिळाला.