बर्फाला टपल्या: सीटी की ईसीटी?

गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. अफरवत शिखराच्या मागच्या अंगाने उतरायचं असेल तर डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन सगळेच बघून निघतात. पण ते अख्ख्या भागाचं असतं. पायाखालच्या उतारावर आतला नाजूक थर मोडून वरचा बर्फ सुटेल का, हे विचारायला खड्डाच खणावा लागतो. मग त्या खड्ड्यात कॉम्प्रेशन टेस्ट (सीटी) करायची की एक्स्टेंडेड कॉलम (ईसीटी)? फावडं, प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), करवत चालवता येते असं धरतो.

सीटी मी तीन हिवाळे केली. ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब, वर फावड्याचं पातं, मग मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० टपल्या. थर कितव्या टपलीला मोडला, तो आकडा. ताज्या बर्फातला नाजूक थर झटपट हुडकायला आजही मी हीच करेन.

मला नडला तो आकडा. एकदा शेजारीशेजारी दोन खांब कापले. माझा ९ वर मोडला, मित्राचा १७ वर. म्हणजे कागदावर माझा ‘सोपा’ (चटकन मोडणारा), त्याचा ‘मध्यम’. तू टपली मारतोस की धपाटा, यावर आमचं भांडण जुंपलं, बोटं बधिर झाली तरी मिटेना. बरं, १४ वर तडजोड केली असती तरी जायचं की नाही हे १४ थोडंच सांगतो? जाणकार आकड्यापेक्षा थर कसा मोडला ते बघतात, हे खरं. आमची नजर तेवढी तयार नव्हती.

ईसीटी सिमेनहॉइस आणि बर्कलँड यांनी २००६च्या सुमारास पुढे आणली. खांब ९० सेंटिमीटर रुंद, टपल्या तेवढ्याच, पण एकाच टोकावर. बघायचं एवढंच: भेग पडली त्याच किंवा पुढच्या टपलीला ती पलीकडच्या टोकापर्यंत धावली का? मागे एका फेब्रुवारीत २२ व्या टपलीला आमचा अख्खा खांब सर्रकन मांडीवर आला आणि खालून साखरेसारखा सुटा बर्फ घरंगळला. सुरुवातीचा पातळ बर्फ, वर कोरडी थंडी, की तळाशी असा रवा तयार होतो. सीटीच्या हिशेबात २२ म्हणजे ‘कठीण’. आम्ही बहुधा गेलो असतो. त्या दिवशी वाद झाला नाही. गोंडोलानेच खाली आलो.

ईसीटीचेही नखरे आहेत. थर मीटरभराहून खोल असेल तर टपली पोचत नाही. भेग धावली नाही म्हणजे परवाना मिळाला असंही नाही; मी थोडं पुढे जाऊन दुसरा खड्डा खणतो. आणि मागची ९० सेंटिमीटरची काप करवतीने नीट होत नाही. दोन प्रोबांभोवती गाठी मारलेली दोरी ओढावी लागते. ती जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, सॅकमध्ये ओली राहिली तर तारेसारखी ताठ होते.