कोस्टा रिका की पनामा? लघुप्रबंधासाठी देश निवडताना

राज्यशास्त्राच्या एम.ए.ला मध्य अमेरिकेतली लोकशाही घ्यायची ठरवली की घोडं बहुतेक वेळा याच दोन नावांपाशी अडतं. दोन्ही देश शेजारी, दोन्हीकडे अध्यक्षीय पद्धत आणि दोन्हीकडे लष्करच नाही. पण ते गेलं कसं, तिथेच वाटा फुटतात.

कोस्टा रिकात १ डिसेंबर १९४८ रोजी, यादवी संपल्यावर, त्यात जिंकलेल्या बाजूचे नेते होसे फिगेरेस यांनी राजधानी सान होसेतल्या बेयाविस्ता छावणीच्या भिंतीवर घण घातला आणि लष्कर बरखास्त झाल्याचं जाहीर केलं. आज तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. बुरुजांवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. १९४९ च्या राज्यघटनेच्या कलम १२ ने तो निर्णय पक्का केला. पनामात हे बाहेरून आलं. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकी फौजा लष्करी हुकूमशहा नोरिएगाला पकडायला घुसल्या आणि गियेर्मो एन्दारा यांचा अध्यक्षपदाचा शपथविधी चक्क अमेरिकी तळावर झाला. लष्करबंदी घटनेत आली १९९४ साली.

निवडणुकीचे नियम थोडक्यात. कोस्टा रिकात अध्यक्ष चार वर्षांसाठी, संसदेत ५७ सदस्य, आणि पहिल्या फेरीत कुणालाच ४० टक्के मतं मिळाली नाहीत तर दुसरी फेरी. पनामात मुदत पाच वर्षांची, सदस्य ७१ आणि फेरी एकच; ज्याला जास्त मतं तो अध्यक्ष. म्हणूनच २०२४ मध्ये होसे राउल मुलिनो सुमारे ३४ टक्क्यांवर निवडून आले. तेही बदली उमेदवार म्हणून: माजी अध्यक्ष मार्तिनेली मनी लाँडरिंगमध्ये दोषी ठरून बाद झाले होते आणि निकाराग्वाच्या दूतावासात आश्रयाला होते. मतदान करून मुलिनो त्यांना भेटायला थेट दूतावासातच गेले. मुलिनोंची उमेदवारी वैध असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तर मतदानाला दोन दिवस उरले असताना आला. व्यक्ती आणि पक्ष यांच्या ओढाताणीवर लिहायचं असेल तर याहून रसरशीत मसाला मिळणार नाही.

संस्थांवर लिहायचं असेल तर मात्र मी डोळे झाकून कोस्टा रिका सांगेन. निवडणुकीच्या काळात तिथले पोलीस निवडणूक न्यायाधिकरणाच्या हुकमतीखाली जातात. १९८९ पासूनच्या घटनापीठाकडे, ‘साला क्वार्ता’कडे, कुणीही वकिलाशिवाय दाद मागू शकतो. आपल्याकडे पोस्टकार्डावरून जनहित याचिका दाखल करून घेतल्या गेल्या, त्यातलाच प्रकार, पण तिथे तो रोजचा. इराक युद्धाला सरकारने दिलेल्या पाठिंब्याला कायद्याच्या एका विद्यार्थ्याने आव्हान दिलं आणि २००४ मध्ये न्यायालयाने तो पाठिंबा घटनाबाह्य ठरवला. अध्यक्षांच्या फेरनिवडीवरची बंदीही २००३ मध्ये याच पीठाने उठवली. त्यामुळे १९८६ चे विजेते ऑस्कर आरियास २००६ मध्ये परत आले. न्यायालय जास्तच पुढे गेलं का, हा प्रश्न तुमच्यासाठी तयारच आहे.

पनामाची न्यायसंस्था कमकुवत, असं मात्र लिहू नका. तांब्याच्या खाणीच्या कराराविरुद्ध आंदोलकांनी महिनाभराहून जास्त रस्ते अडवले होते, तेव्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो करार एकमताने रद्द केला. फक्त तिथे न्यायालयाआधी रस्ता बोलला.

हाताशी सहाच महिने असतील तर कोस्टा रिका घ्या. वर्ष असेल आणि पनामाची स्पॅनिश वर्तमानपत्रं वाचायची तयारी असेल, तर मुलिनो आणि मार्तिनेली तुम्हाला पुरून उरतील.